गर्दीला गायला लावणारे बुवा

पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पंडित पलुस्कर सभागृह आहे. बहुतेक नाशिककरांना हे नाव पत्ता सांगण्यापुरतं माहीत असतं. लहानपणी ज्यांना घरच्यांनी गाण्याच्या नाहीतर तबल्याच्या क्लासला घातलं होतं, त्यांना जरा जास्त. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत करत विशारदपर्यंत जाणाऱ्या परीक्षा ज्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, त्याच्या मुळाशी हेच पलुस्कर. थिअरीच्या पेपरसाठी त्यांचं चरित्र पाठ करावं लागतं. जन्म अमुक साली, गुरू तमुक, लाहोरला विद्यालय काढलं, निधन १९३१. पाठ करायचं, पेपरात ओतायचं आणि विसरून जायचं.

त्या आठ-दहा ओळींत एक गोष्ट सहसा येत नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी या देशातल्या गर्दीला एका सुरात गायला लावलं. आणि मुंबईतली वास्तू हातची गेली, तेव्हा उरलेली वर्षं त्यांनी आपल्या नाशकात राहून याच कामात घालवली.

यात काय एवढं, असं वाटेल. शाळेत प्रार्थना आपण सगळेच म्हणत होतो. पण शास्त्रीय संगीताच्या बाजूने बघा. आपला रागदारी गवई एकटा असतो. मागे तंबोरे, बाजूला तबला, पण गाणं त्याचं एकट्याचं. कुठली तान कधी घ्यायची हे त्याला त्या क्षणी सुचतं. चर्चमधल्या क्वायरसारखं प्रत्येकाच्या हातात लिहिलेलं गाणं नसतं. त्यामुळे दहा जणांनी एकदम ख्याल गायला घेतला तर काय होईल, ते ज्यांनी क्लासमधली सामूहिक प्रॅक्टिस ऐकली आहे त्यांना विचारा. मिळून गायची आपली सवय होती ती देवळातली, दिंडीतली. विणेकऱ्याने अभंग सुरू करायचा, टाळकऱ्यांनी उचलायचा. निवृत्तिनाथांच्या यात्रेला पौषात त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला गेला असाल तर हे कानांनी ऐकलं असेल. मैफलीतलं गाणं एका टोकाला आणि दिंडीतलं दुसऱ्या टोकाला. मैफलीच्या गवयाने दिंडीकडे वळून बघायचं कारण नव्हतं. पलुस्करबुवा वळले.

ते मुळात कीर्तनकाराचे चिरंजीव. जन्म १८ ऑगस्ट १८७२चा, कुरुंदवाडचा. तेव्हाचं छोटं संस्थान, आता कोल्हापूर जिल्ह्यात. घराणं गाडगीळांचं, पळूस गावावरून पलुस्कर झालं. वडील दिगंबरपंत कीर्तन करायचे, म्हणजे घरात गाणं होतं, आणि लोकांना गोष्टीत गुंतवून ठेवायची विद्याही होती. मुलगा शाळेत जात होता, कदाचित कारकून झाला असता. पण लहानपणी एका उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळे भाजले. दृष्टी कायमची अधू झाली. वाचन संपलं, शाळा संपली. उपचारासाठी मिरजेला नेलं, आणि तिथे ठरलं की या मुलाने गाणं शिकावं. त्या काळात नजर गेलेल्या मुलासाठी जे दोन-चार मार्ग शिल्लक असत, त्यातला हा एक.

मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती त्यांनी. विष्णूने त्यांच्याकडे बारा वर्षांच्या आसपास तालीम घेतली. गुरूच्या घरची कामं, पहाटेपासूनचा रियाज, असं ते जुन्या पद्धतीचं शिक्षण. गुरू मूडमध्ये असेल तेव्हा शिकवणार, नसेल तर नाही. सिलॅबस नाही, टाइमटेबल नाही. पुढे पलुस्करांनी जे जे केलं, त्यातलं बरंचसं या अनुभवाला दिलेलं उत्तर वाटतं.

मिरज त्यांनी १८९६मध्ये सोडलं. त्याची एक हकिकत सांगितली जाते. गावात काही मोठा समारंभ होता. संस्थानिकांच्या मर्जीतला म्हणून तरुण विष्णूला बोलावणं आलं, गुरुजींना नाही. त्यांना का नाही, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की ते काय, गवई आहेत. हे लागलं. ज्या माणसाच्या पायाशी बसून आपण विद्या घेतली, त्याची गावात किंमत एवढीच? हकिकतीत मीठमसाला किती हे सोडा, पण पुढची पस्तीस वर्षं हा माणूस याच एका अपमानाशी भांडत राहिला, हे त्याच्या कामावरून दिसतं.

मग भटकंती. बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब. गवई दरबारात गाणार आणि राजा बिदागी देणार, ही तेव्हाची रीत. पलुस्करांनी काठेवाडात तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज कॉन्सर्टचं तिकीट आपण मोबाइलवर काढतो, त्यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हा गाणाऱ्याने तिकीट लावणं म्हणजे मी राजाचा आश्रित नाही, चार आणे देणारा कुणीही माझा श्रोता, असं सांगणं होतं. जलसा वेळेवर सुरू व्हायचा. मध्येच गप्पा, उठबस चालायची नाही. गाणं गंभीरपणे ऐकायची गोष्ट आहे, हे त्यांनी श्रोत्यांना जवळपास दटावून शिकवलं.

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. कुरुंदवाडचा, अधू दृष्टीचा, तिशीही न ओलांडलेला मराठी माणूस पंजाबात जाऊन गाण्याची शाळा काढतो! तीही लोकवर्गणीवर. सुरुवातीला विद्यार्थीच नव्हते. चांगल्या घरातली मुलं गाणं शिकत नसत, आणि मुली तर नाहीच. ते दिवस गेले, हळूहळू वर्ग भरले. फी देऊन शिकणारे वेगळे आणि उपदेशक वर्गातले वेगळे. या दुसऱ्या मुलांनी विद्यालयातच राहायचं, जेवणखाण-शिक्षण फुकट, पण नऊ वर्षांचा करार लिहून द्यायचा आणि नंतर जाऊन गाणं शिकवायचं. म्हणजे गायक घडवण्यापेक्षा शिक्षक घडवण्याचा कारखाना. छापखानाही काढला. बालप्रकाश, रागप्रवेश अशी पुस्तकं निघाली, संगीतामृत प्रवाह नावाचं मासिक निघालं. स्वतःची स्वरलिपी बनवली.

त्या स्वरलिपीबद्दल खरं सांगायचं तर ती किचकट होती. भातखंड्यांची सोपी निघाली आणि तीच जास्त चालली. थिअरीच्या पेपरला दोन्ही कराव्या लागतात आणि विद्यार्थी पलुस्करांच्या चिन्हांना वैतागतात, त्यात नवल नाही. पण हेतू बघण्यासारखा आहे. पन्नास मुलांना एकच गाणं एकाच पद्धतीने शिकवायचं असेल तर ते कुठेतरी पक्कं लिहिलेलं लागतं. उस्तादाच्या मनात असून चालत नाही. समूहाने गायची पहिली अट हीच.

दुसरी अट शब्दांची. जुन्या चिजांमध्ये शृंगार भरपूर. घरंदाज लोक मुलींना पाठवायला कचरत, त्याचं ते एक कारण. पलुस्करांनी अनेक ठिकाणी शब्द बदलले, त्या जागी भक्तीचे घातले. यासाठी जाणकारांनी त्यांना नावं ठेवली, आजही ठेवतात. मलाही वाटतं की काही सुंदर, खट्याळ बंदिशींचं त्यात नुकसान झालं. कोट्यवधींपर्यंत गाणं न्यायचं तर ते धुऊन पुसून न्यावं लागतं, हा त्यांचा हिशेब आपल्या पिढीला सोवळा वाटेल. पण त्या हिशेबामुळे कितीतरी घरांतल्या मुली तंबोऱ्याजवळ बसल्या, हेही खरं.

१९०८मध्ये ते मुंबईत आले. इथेही विद्यालय, इथेही गर्दी. सँडहर्स्ट रोडला विद्यालयाची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. गाण्याच्या शाळेला स्वतःची इमारत, हे तोपर्यंत कुणी बघितलं नव्हतं. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे ही सगळी मंडळी याच शिस्तीत तयार झाली. बुवा दौऱ्यावर निघाले की विद्यार्थ्यांचा ताफा बरोबर असायचा. एकटे गवई म्हणून गेले तरी ते घोळका घेऊन जायचे.

याच काळात त्यांचं गाणं मैफलीतून मांडवात आलं. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् म्हणायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. ती दृश्यं डोळ्यांसमोर आणा. हजारोंचा जमाव, प्रांतोप्रांतीची माणसं. बंगाल्याला तमिळ येत नाही, तमिळीला पंजाबी येत नाही. लाउडस्पीकर अजून सगळीकडे पोचलेला नाही. कुणाचं भाषण मागच्या रांगेपर्यंत जात नाही. आणि एक धिप्पाड आवाजाचा माणूस उभा राहतो. बुवांचा आवाज खणखणीत होता याबद्दल त्यांच्या विरोधकांचंही दुमत नव्हतं.

१९२३च्या काकीनाडा अधिवेशनातला प्रसंग प्रसिद्ध आहे. अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी आपल्या धर्मश्रद्धेला धरून व्यासपीठावरच्या गायनाला हरकत घेतली. बुवांनी ऐकलं नाही. ही राष्ट्रीय सभा आहे, कुठल्या एका धर्माचं प्रार्थनास्थळ नाही, आणि मिरवणुकीत वाद्यं चालली तर इथे गाणं का नको, असा त्यांचा युक्तिवाद होता असं सांगतात. त्यांनी गाणं पूर्ण केलं आणि मगच खाली बसले. या प्रसंगाकडे पुढच्या काळात वेगवेगळ्या राजकीय चष्म्यांतून पाहिलं गेलं. मला त्यात आधी दिसतो तो मिरजेच्या समारंभाबाहेर राहिलेल्या गवयाचा शिष्य. गाणाऱ्याने कधी गायचं आणि कधी थांबायचं हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही.

रामधून हा त्यांचा दुसरा आणि माझ्या मते मोठा पराक्रम. रघुपती राघवची आज आपल्याला तोंडपाठ असलेली चाल त्यांच्या नावावर सांगितली जाते. गाणं येत नसलेल्या मित्रांना घेऊन ती एकदा म्हणून बघा, म्हणजे कळेल तिची रचना किती हुशार आहे. ओळी छोट्या. आवाज फार वर चढवावा लागत नाही, त्यामुळे आजोबा आणि नातू एकाच पट्टीत सापडतात. पुढच्याने म्हटलं की मागच्यांनी म्हणायचं, म्हणजे शब्द पाठ नसले तरी दुसऱ्या फेरीत सापडतात. ताल चालता चालता टाळी पडेल असा. लय सावकाश सुरू करायची आणि गर्दी तापत जाईल तशी वाढवायची. मैफलीतल्या रसिकाला यात दाद देण्यासारखं काहीच नाही, कारण ही चाल श्रोत्यांसाठी नाहीच. तिच्यात श्रोता उरतच नाही. ग्वाल्हेर घराण्याची पक्की तालीम घेतलेल्या माणसाने स्वतःची सगळी तानबाजी बाजूला ठेवून हे करावं, याला वेगळं धाडस लागतं. युवक महोत्सवात समूहगानाला जे सहा-सहा जण उभे राहतात, त्यांच्यात एखादा तयार गळा असतो आणि त्याला आपली जागा दाखवायची खुमखुमी आवरत नाही. तो आवरतो तेव्हाच टीम जिंकते. बुवांनी ती खुमखुमी आयुष्यभरासाठी आवरली.

मधल्या काळात घरात काय चाललं होतं? बुवांना आणि रमाबाईंना बारा मुलं झाली, त्यातली अकरा गेली. बाहेर शेकडो शिष्य, घरात पाळणा पुन्हा पुन्हा रिकामा. चरित्रांमध्ये हे एका वाक्यात येतं आणि पुढची ओळ लगेच कुठल्यातरी संगीत परिषदेची असते. मन हळूहळू रामाकडे वळत गेलं, अंगावर भगवी वस्त्रं आली, तुलसीदासांचं रामायण गाणं हा रोजचा नेम झाला. काही शिष्यांना हे आवडलं नाही. गाणं सोडून बुवा महाराज झाले, अशी कुजबुज होती.

त्यात मुंबईच्या इमारतीचं कर्ज. विद्यालय वाढवायच्या नादात उसने पैसे घेतले होते आणि हिशेब हा बुवांचा विषय नव्हता. १९२०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत देणेकऱ्यांनी ती वास्तू लिलावात काढली. आयुष्यभराची कमाई विटा-चुन्यात होती, ती गेली.

त्याआधीच ते नाशिकशी जोडले गेले होते. इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. गाव रामाचं, गोदेचा काठ, काळाराम मंदिर, रामकुंड. बाकी सरंजाम काही नव्हता. गाणं शिकणारी मुलं राहायची, रामायण गायलं जायचं, नामाचा गजर व्हायचा. लाहोर आणि मुंबईच्या मानाने हे फारच लहान. इमारत नाही, छापखाना नाही, जलशांचा दिमाख नाही. इतिहास लिहिणारे हा काळ उताराचा म्हणून लवकर उरकतात. मला तसं वाटत नाही. इमारत असलेल्या विद्यालयात दारातून आत येईल तोच विद्यार्थी. रामधुनीला दार नव्हतं.

हे वाक्य लिहून झालं आणि लगेच अडखळायला झालं. कारण दार होतं, आणि ते नाशकातच होतं.

१९३०चा मार्च महिना घ्या. १२ तारखेला गांधीजी ७८ सत्याग्रहींना घेऊन साबरमतीहून दांडीकडे निघाले. त्यांत पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे होते. गांधीजींनी आश्रमासाठी एखादा गायक मागितला तेव्हा बुवांनीच त्यांना पाठवलं होतं. आश्रमातली सामूहिक प्रार्थना खऱ्यांनी बसवली, भजनांचा संग्रह तयार केला. दांडीच्या वाटेवर गावोगावी जी रामधून उठली, ती या गुरुशिष्यांच्या मेहनतीची. गावातली माणसं चालता चालता सामील होत होती आणि दुसऱ्या फेरीत शब्द त्यांच्या तोंडी बसत होते. बुवांनी आखल्यासारखंच.

आणि त्याच महिन्यात, दहा दिवस आधी, २ मार्चला, नाशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष मंदिरावर चालून आले. दारं बंद करण्यात आली. हा लढा पुढे कितीतरी वर्षं चालला. रामाचं नाव घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. रामासमोर जाऊन उभं राहायला लागत होती. एका सुरात गाणारी गर्दी ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्या गर्दीतले सगळे गाणं संपल्यावर एकाच दारातून आत जात नव्हते. पलुस्करांची नाशिकची वर्षं वाचताना ही दोन्ही दृश्यं शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

पुढच्या वर्षी बुवांची तब्येत ढासळली. शेवटी त्यांना मिरजेला नेलं, जिथे डोळ्यांवर इलाज करायला आलेला मुलगा गाण्याला लागला होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी तिथेच ते गेले. नुकतीच साठी लागली होती. मागे संपत्ती म्हणावी अशी नव्हती. शिष्यांनी त्याच वर्षी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, म्हणजे आपल्या परीक्षा घेणारं तेच हे मंडळ. पुढच्या वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढलं. देवधरांचं मुंबईत आधीपासून होतं. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीत शिकवायला गेले. १५ ऑगस्ट १९४७च्या सकाळी आकाशवाणीवरून संपूर्ण वंदे मातरम् गायले ते हेच ओंकारनाथ.

आणि बाराव्या मुलाचं काय झालं? तो जगला. दत्तात्रय विष्णू, २८ मे १९२१चा, जन्म नाशिकचाच. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा. त्यामुळे वडिलांकडून फार शिकायला मिळालंच नाही, तालीम पुढे विनायकराव पटवर्धनांसारख्या शिष्यांनी दिली. म्हणजे बापाने जे बाहेर वाटलं होतं ते मुलाला बाहेरूनच परत मिळालं. डी. व्ही. पलुस्कर या नावाने तो भारतभर गाजला. बैजू बावरा सिनेमात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची जी जुगलबंदी आहे, त्यातला दुसरा आवाज त्याचा. १९५५मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. त्याची भजनं आजही ऑनलाइन सापडतात. बसमध्ये इअरफोन लावून ऐकता येतील, पंचवटीपर्यंत दोन-तीन तरी सहज होतात.